देवाच्या पाठीवरचे तक्ते

त्या हिवाळ्यात आमच्या घरात एका जागी कुणीच बसत नव्हतं. आप्पा, म्हणजे माझे वडील, दुकानात बसल्या बसल्या उठायचे, दारापर्यंत जायचे, रस्त्याकडे बघून परत यायचे आणि दोन मिनिटांनी पुन्हा उठायचे. माय भाकरी थापता थापता मध्येच थांबून ओठ हलवायची. तेवढ्यात तव्यावरची करपायची आणि मग ती माझ्यावर खेकसायची. माझ्या पायाला तर भिंगरीच होती. बारावी झाली होती, डी.एड.ला नंबर लागला नव्हता, बघायला येणारे लोक पोहे खाऊन 'कळवतो' म्हणून जात होते आणि कुणीच काही कळवत नव्हतं. दुकान, चूल, वरचं माळवद, पुन्हा दुकान अशा माझ्या फेऱ्या चालायच्या. "ही पोरगी एका जागी बसंल त्या दिवशी हिची सुपारी फुटंल," असं आप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. चौसाळ्याकडून हमरस्ता सोडून आत वळलं की आमचं गाव. दुपारी पिठाची गिरणी बंद झाली की लांबून ट्रकांची घरघर ऐकू यायची. सगळं जग कुठेतरी चाललंय आणि आपण इथे शेंगदाणे निवडत बसलोय, असं वाटून माझा जीव नुसता तगमगायचा.

आमचं किराणा दुकान होतं. त्या वर्षा-दोन वर्षांत त्याचं रूपच पालटलं. आधी पोती, डबे आणि गुळाच्या ढेपा एवढाच माल असायचा. आता दाराच्या चौकटीवर शांपूच्या पुड्यांच्या माळा लोंबायला लागल्या. साबणाचे पंधरा रंग आले, मखमली टिकल्यांची पाकिटं आली, बिस्किटांचे पुडे आले. आप्पांना त्यांची नावं पाठ व्हायची नाहीत आणि गिऱ्हाइकांनाही नाहीत. लोक रंगावरून मागायचे. "ती निळी दे, केसाची बाई असल्याली." "पिवळी नको, पिवळीनं खाज सुटती." ज्यांना अक्षर म्हणजे काळी मुंगी, त्या म्हाताऱ्या पंधरा पुड्यांतून आपली पुडी बरोबर ओळखायच्या, आणि मी चुकून दुसरी दिली तर मलाच शहाणपण शिकवायच्या. पुढे आयुष्यभर मी अंगणवाडीताईंची प्रशिक्षणं घेतली. भिंतीवर चित्रं पाडणारी यंत्रं वापरली, शहरातल्या साहेबांकडून 'दृकश्राव्य साधने' या विषयावर व्याख्यानंही ऐकली. पण त्यातलं निम्मं मला त्या दाराच्या चौकटीपाशीच कळलं होतं.

घरातल्या अस्वस्थपणाचं कारण असं की माय सरपंच झाली होती. गावची जागा बाईसाठी राखीव निघाली. गावातल्या दोन मोठ्या भावक्यांपैकी एकीच्या बाईला करावं तर दुसरी रुसणार. मग कुणीतरी म्हणालं, आप्पाची बायको उभी करा. आमची लिंगायतांची चारच घरं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. शिवाय आप्पा बोलायला मवाळ. म्हणजे माय निवडून आली ती कुणालाच तिची भीती वाटत नव्हती म्हणून. उपसरपंच झाले नाना. नाना गावातले मोठे जमीनदार, आवाज भरदार, धोतर इस्तरीचं. आमच्या दुकानाची जागाही त्यांचीच होती. ग्रामसभेत नाना हात वर करत आणि मग त्यांच्या मागे बसलेले वर करत. नाना खाली घेत, की सगळे खाली घेत. इतकी वर्षं गावाचा कारभार असाच चालत आला होता आणि त्यात वाईट आहे असं कुणाला वाटतही नव्हतं.

आता गावात नळयोजना येणार होती. तळ्याकाठच्या विहिरीतून पाणी टाकीत, टाकीतून पाईप महादेवाच्या चौकापर्यंत. तिथून पुढे एक फाटा काढायचा होता. तो माळावरच्या वस्तीवर न्यायचा, की नानांच्या मळ्याच्या रस्त्याने, एवढाच सवाल होता. माळावर ऊसतोडीला जाणारी माणसं राहायची. दिवाळी झाली की कोयते बांधून, बैलगाड्या नाहीतर ट्रक भरून कारखान्यांच्या मुलखाला जायची ती उन्हाळ्यातच परतायची. नानांचं म्हणणं सरळ होतं. अर्धं वर्ष जी वस्ती बंद, तिथे नळ कुणासाठी? पण निवडणुकीच्या वेळी माय वस्तीवर हळदीकुंकू लावत फिरली होती, तेव्हा केराबाई नावाच्या म्हातारीने तिचा हात धरून ठेवला होता. "पानी दे बाई, बाकी कायबी नगं," एवढंच ती म्हणाली, आणि मायने घरी कुणाला न विचारता शब्द देऊन टाकला. आप्पांना हे कळलं तेव्हा त्यांनी दोन दिवस ताटावर मान वर केली नाही. "शब्द द्यायच्या आदी जागा कुणाची हाय ते तरी बगायचं," ते म्हणाले. मायने त्यांच्या ताटात शेंगोळे वाढले आणि म्हणाली, "जागा नानाची हाय, जीभ माझी हाय."

हे बोलायला ठीक होतं, पण जीभ काही तिच्या ताब्यात नव्हती. झेंडावंदनाच्या दिवशीच्या ग्रामसभेत ठराव मांडायचा होता. वस्तीची कर्ती माणसं तेव्हा दोनशे कोसांवर ऊस तोडत असणार, हे नानांना ठाऊक होतं. आप्पांनी मनात नसतानाही मायला भाषण लिहून दिलं. 'सन्माननीय ग्रामस्थ बंधू आणि भगिनींनो' इथून सुरू होणारं ते भाषण माय चौथीपर्यंतच्या शाळेच्या बळावर पाठ करत होती. विहिरीनंतर टाकी येते की टाकीनंतर ठराव, यात तिचा रोज घोळ व्हायचा. एका सकाळी तिने तो कागद चुलीत घालायलाच काढला होता. मी म्हटलं, "माय, पुड्या जशा रंगावरनं ओळखत्यात तसं करू. मी चित्रं काढते. तू चित्राकडं बगून बोल. तुलाबी आठवंल आन् लोकायलाबी कळंल."

कागद कुठून आणायचा, हा प्रश्न आमच्या घरात पडायचं कारण नव्हतं. बीडचे ठोक व्यापारी दरवर्षी दुकानाला भिंतीवरची चित्रांची कॅलेंडरं द्यायचे. शंकर-पार्वती, लक्ष्मी, दत्त, सगळे गुळगुळीत जाड कागदावर. वर्ष संपलं तरी देवाचं चित्र टाकता येत नाही, त्यात हळद-मिरची बांधता येत नाही, पायदळी तर येऊच द्यायचं नाही. त्यामुळे दहा-बारा वर्षांचे देव एका ट्रंकेत गुंडाळून ठेवलेले होते, आणि त्यांच्या पाठी कोऱ्या पांढऱ्याशुभ्र होत्या. मी ट्रंक उघडली तेव्हा माय म्हणाली, "देवाच्या पाठीवर लिव्हतीस?" मी म्हटलं, "पुढून न्हाई ना लिव्हत." तिने देवांना हात जोडले आणि मला चार चित्रं काढून दिली.

चार दिवस मी एका जागी बसले. आप्पा येऊन बघून जायचे, बहुतेक सुपारीची वाट बघत असावेत. पहिल्या तक्त्यावर हातपंप आणि त्यापुढे हंड्यांची रांग. माळावरच्या बायकाही गावातल्याच पंपावर यायच्या, त्यामुळे रोजची भांडणं होती, म्हणून दोन बायका एकमेकींचा हंडा ओढतानाही दाखवल्या. दुसऱ्यावर विहीर आणि टाकी, तिसऱ्यावर निळ्या रेघेने पाईप. चौथ्यावर माळावरची वस्ती. हा चौथा तक्ता माझा लाडका. त्याच हिवाळ्यात मैत्रिणीच्या शेतावर हुरड्याला जाताना मी त्या वस्तीवरून गेले होते, तेव्हा जशी दिसली तशी हुबेहूब काढली. बुटकी घरं, बाभळी, उलट्या टाकलेल्या बाजा, आणि प्रत्येक दाराला कुलूप. कुलपांना मी चंदेरी कागद चिकटवला. लांबून चमकायची. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की रात्री उठून ते बघून आले.

ग्रामसभा महादेवाच्या देवळासमोर भरली. पुरुष खाली सतरंजीवर, बायका मागे देवळाच्या ओट्यावर, आणि बोलणाऱ्याने मध्ये उभं राहून पुरुषांकडे तोंड करायचं. म्हणजे आमच्या गावच्या बायकांनी जन्मभर प्रत्येक भाषण पाठीकडूनच ऐकलं होतं. तेव्हा हे माझ्या लक्षातही आलं नाही. ओट्याच्या पुढच्या दोन खांबांना मी दोरी बांधली आणि कपड्यांचे चिमटे लावून तक्ते टांगले, चित्रं अर्थातच पुरुषांच्या बाजूला. ओट्यावरच्या बायकांना दिसत होते शंकर-पार्वती, लक्ष्मी, दत्त असे नुसते देव. वस्तीवरून आठ-दहा म्हाताऱ्या आल्या होत्या, केराबाई त्यांच्या पुढे. त्यांनी बसल्या बसल्या देवांना हात जोडले. मला वाटलं, चांगला शकुन आहे.

सुरुवातही चांगली झाली. माय पदर सावरत उठली, 'सन्माननीय' एवढं म्हणाली आणि पुढचं विसरली. मग तिने पहिल्या तक्त्याकडे पाहिलं. "ह्यो आपला पंप," ती म्हणाली. "आन् ही रांग. आन् ह्या दोगी भांडत्यात." लोक हसले. कुणीतरी विचारलं, "ह्यातली तुमी कोणती, काकू?" माय म्हणाली, "हंडा सोडत न्हाई ती." आणखी हसले. तिचा आवाज मोकळा झाला. विहीर, टाकी, पाईप, ती बोटाने दाखवत गेली आणि लोकांच्या माना तिच्या बोटामागे वळत गेल्या. सतरंजीवर चुळबूळ नव्हती, बिडी नव्हती. दहा वर्षं नळाचं बोलणं ऐकणाऱ्या गावाला पाणी कुठून कुठे जाणार हे त्या दिवशी पहिल्यांदा कळत होतं. मी मात्र पुढच्या तक्त्याची वाट बघत होते, कारण तो चौथा होता.

माय चौथ्या तक्त्याशी आली आणि म्हणाली, "ही माळावरची वस्ती. इथं नळ पायजे." नाना बसल्या जागेवरून म्हणाले, "सरपंचबाई, जरा बाजूला व्हा, दिसू द्या." माय बाजूला झाली. सूर्य समोरून होता आणि माझी सगळी कुलपं लखलखत होती. नाना हसले. "मी म्हनत हुतो ते तुमच्या पोरीनंच काढून दाखवलं की. मोजा बे, किती कुलपं हायत. आता नळ काय कुलपाला पानी पाजाया लावायचा?" सतरंजीवर हशा पिकला. मायला दोन शब्दांत हरवायला नानांना भाषणच लागलं नाही. हत्यार मी तयार करून, चंदेरी कागद लावून, टांगून ठेवलं होतं. चित्र हे बोलण्यापेक्षा लवकर पटतं, हे नंतर मी शेकडो जणींना शिकवलं. ते आपल्या बाजूनेच बोलेल असं नाही, हे शिकवताना मात्र दरवेळी मला तो हशा ऐकू येतो आणि मी घोटभर पाणी पिते.

आप्पा घाईने पुढे आले आणि हळूच म्हणाले, "बस तू, मी बोलतो." ते काय बोलणार होते हे मला माहीत होतं. पुढच्या वर्षी बघू, असं काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात ओट्यावरून केराबाईचा आवाज आला. "कावून हासत्यात गं? त्यात काय काढलंय? आमाला तर निस्ता द्येव दिसतोय."

मायने मागे वळून पाहिलं. ओट्यावर पन्नासेक बायका होत्या आणि सगळ्या चौथ्या तक्त्याच्या पाठच्या शंकर-पार्वतीकडे बघत होत्या. मायचा चेहरा बदलला. तिने चिमटे काढले, चौथा तक्ता उतरवला आणि आप्पांच्या हातात दिला. "धरा. बायांकडं तोंड करून धरा." आप्पांनी धरला, कारण देवाचं चित्र नको म्हणून खाली ठेवता येत नाही. आता चित्र ओट्याकडे झालं आणि पुरुषांपुढे शंकर-पार्वती आले. सतरंजीवरून ओरड झाली, "आमाला दिसंना." माय वळलीसुद्धा नाही. "तुमी भरता का पानी? ज्या भरत्यात त्यायला बगू द्या."

केराबाई उठून अगदी जवळ आली आणि बोटाने एकेक घर चाचपून पाहिलं. तिला आपलं घर सापडलं. "बराबर काढलंस बाई," ती मला म्हणाली, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "हे आमचंच कुलूप. लेकानं घातलंय. आत जवारीचं पोतं हाय, भांडीकुंडी हायत. पर मी भाईर बसते की. वसरीला. तीन नातवंडं हायत माझ्यापाशी, साळा बुडू नये म्हून ठेवल्यात. तू त्या दिशी वाटंनं गेलतीस, मी तुला बगितलं. मला कावून काढलं न्हाईस?"

खरं उत्तर हे होतं की मी तिला पाहिलंच नव्हतं. कुलूप पाहिलं होतं, कुलूप सुबक होतं. इतकी वर्षं झाली, पण अजूनही तो प्रश्न आठवला की लाज वाटते, आणि ती वाटत राहावी असंच मला वाटतं.

माय म्हणाली, "गिरजे, पळ. टिकल्याचं पाकीट आन दुकानातून. लाल." मी पळाले. त्या दिवसांत पळायला कारण मिळालं की मला बरं वाटायचं. पाकीट आणलं, तशी माय वस्तीच्या बायकांना म्हणाली, "ज्या ज्या घरी जे जे मागं राहिल्यालं हाय, त्या दाराम्होरं एकेक टिकली लावा. म्हातारं, लेकरू, पोटुशी, आजारी, सगळं." एकेक जण उठली. नातवंडं. आंधळा सासरा. नववा महिना भरलेली सून. एक म्हातारी पाकिटाला हात लावेना. "मी रांडमुंड, मला टिकली चालत न्हाई," ती म्हणाली. माय म्हणाली, "तुझ्या कपाळाला न्हाई लावायची, कागदाला लावायची हाय." ती हसली आणि स्वतःच्या दाराबाहेर स्वतःची टिकली लावून, नीट चिकटावी म्हणून अंगठ्याने दाबत राहिली. आप्पा तक्ता धरून उभे होते, प्रत्येक बाई त्यांच्यापासून वीतभर अंतरावर येऊन टिकली लावत होती आणि कुणाची ते सांगत होती. त्यांना दुसरीकडे बघायला जागाच नव्हती.

पुरुषांना राहवेना. आधी दोघं-तिघं उठून बाजूने डोकावले, मग सगळी सतरंजीच उठली आणि ओट्याभोवती येऊन उभी राहिली. बायकांच्या बाजूला पुरुषांनी येऊन बघायची ती पहिलीच वेळ. चंदेरी कुलपं अजून चमकत होती, पण दारांपुढे लाल ठिपक्यांची दाटी झाली होती आणि कुणाला हसू येत नव्हतं. गावातली एक बाई म्हणाली, "एवडी मानसं रोज आपल्या पंपावर येत्यात व्हय. मंग लावा की त्यायला नळ, आपली रांग तरी मोडंल." नानाही आले. काठी बगलेत धरून त्यांनी तक्ता नीट पाहिला. ते काही वाईट माणूस नव्हते. त्यांनाही ते दिसलं असणार. पण मळ्याचा फाटा त्यांच्या मनात कधीच टाकून झाला होता.

"मत घ्या, भाऊसाहेब," ते ग्रामसेवकाला म्हणाले. भाऊसाहेबांनी वही उघडली आणि घसा खाकरला. "वस्तीवर नळ न्यावा, या ठरावाच्या बाजूनं हात वर करा." मग त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बायांचेबी हात मोजायचे का?" माय म्हणाली, "मंग काय बांगड्या मोजता?" ओट्यावरचे हात वर गेले. मला अठरा पुरी झालेली होती, मीही केला. सतरंजीवाल्यांचे मात्र हात खालीच होते. ते सवयीने नानांकडे बघत होते आणि नाना बघत होते आप्पांकडे.

आप्पांचे दोन्ही हात तक्त्याला होते. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, आता ते हेच निमित्त करतील. हात रिकामे नव्हते म्हणून राहिलं, असं घरी सांगतील. दुकानाची जागा नानांची होती, आणि आप्पा आयुष्यात कुणाच्या विरुद्ध उभे राहिलेले मी पाहिले नव्हते. त्यांनी इकडे तिकडे बघितलं. तक्ता खाली ठेवायला जमीन होती, पण मागची बाजू देवाची होती. मग ते नानांपुढे आले आणि नेहमीच्या मवाळ आवाजात म्हणाले, "नाना, जरा धरा, खाली पडंल." नानांनी पुढे आलेले शंकर-पार्वती पाहिले आणि काठी बगलेतच ठेवून दोन्ही हातांनी ते घेतले. आप्पांनी हात वर केला. चांगला खांद्याच्या वर, कोपर ताठ करून.

भाऊसाहेबांनी मोजले. मग म्हणाले, "विरोधात असतील त्यांनी हात वर करा." नाना देव धरून उभे होते. मागची माणसं त्यांच्या हातांकडे बघत राहिली, आणि ते हात काही वर गेले नाहीत. प्रत्यक्षात पाईप पडायला त्यानंतर दोन उन्हाळे गेले, त्याच्या कटकटी वेगळ्याच. आप्पांनी ते जाणूनबुजून केलं की सहज, हे मी त्यांना पुढे किती वेळा विचारलं, पण त्यांनी दरवेळी माझ्या लग्नाचा विषय काढला. त्या दिवशीच्या वहीत भाऊसाहेबांच्या वळणदार अक्षरात मायच्या सहीच्या वर एवढंच लिहिलेलं आहे: विरोधात एकही हात नाही.